पेढीचा सर्व्हर डेबियन ११ वरून १३ वर नेताना: कॉन्फिग फायलींच्या नोंदी

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळद-बेदाणा अडत पेढीचा सर्व्हर मी सांभाळतो. सौदे, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, हमाली-तोलाईचे हिशेब आणि कुपवाडच्या गोदामातील आवक हे सारे त्या एकाच यंत्रावर चालते. त्यावरील डेबियन या लिनक्स कार्यप्रणालीची आवृत्ती बदलताना ठेवलेल्या नोंदी येथे देत आहे. नवी पॅकेजेस (प्रोग्रॅमचे तयार संच) उतरवून बसवण्याचे काम आता फारसे अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते वर्षानुवर्षे कॉन्फिग फायलींत, म्हणजे प्रोग्रॅमची सेटिंग असलेल्या फायलींत, केलेले आपले बदल नव्या आवृत्तीत शाबूत नेणे. त्यामुळे या नोंदी जवळजवळ सगळ्या त्याविषयीच आहेत.

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार

पाडव्याला पेढीच्या नव्या वह्या सुरू झाल्या. आता नव्या हळदीची आवक सुरू होईपर्यंत सौद्यांचा जोर कमी राहील, म्हणून हे काम लगेच हाती घेतले आहे. सर्व्हरवर डेबियन ११ आहे. ही आवृत्ती १४ ऑगस्ट २०२१ रोजी आली आणि तिची दीर्घ मुदतीची सुरक्षा-सेवा ३१ ऑगस्ट २०२६ रोजी संपते. तेरावी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजीच आली आहे, परंतु डेबियनमध्ये मधली आवृत्ती ओलांडून पुढे जाण्याची सोय नाही. ११ वरून १२ आणि १२ वरून १३ हाच मान्य मार्ग आहे. म्हणजे कॉन्फिग फायलींचा प्रश्न दोनदा समोर येणार.

हे यंत्र मुळात डेबियन १० वर उभे राहिले होते आणि एकदा ते ११ वर नेलेले आहे. त्या वेळी देखभाल ज्यांच्याकडे होती त्यांनी कोणती फाइल का बदलली याची काहीही नोंद ठेवलेली नाही. माझ्या मते या कामातला खरा वेळ तिथेच जाणार आहे.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज फक्त यादी केली, एकाही फाइलला हात लावला नाही. पॅकेजसोबत आलेल्या कॉन्फिग फायलींपैकी आपण कोणत्या बदलल्या आहेत हे डेबसम्स ही कमांड सी आणि ई या पर्यायांसह चालवली की कळते. यादीत मारियाडीबी या डेटाबेसची सर्व्हर फाइल, अपाचे या वेब-सर्व्हरच्या दोन फायली आणि जुने लॉग आवरणाऱ्या लॉगरोटेटची एक फाइल आली. एवढ्यावर समाधान मानले असते तर घात झाला असता, कारण एसएसएच (दुरून सुरक्षित प्रवेश देणारी सेवा) आणि सांबा (विंडोज यंत्रांना सामायिक फोल्डर देणारी सेवा) यांच्या मुख्य फायली या यादीत येतच नाहीत. डेबियनमध्ये कॉन्फिग फायली सांभाळणाऱ्या व्यवस्था दोन आहेत. बहुतेक फायली डीपीकेजी हा पॅकेजेस बसवणारा प्रोग्रॅम स्वतः सांभाळतो; काही मात्र यूसीएफ या वेगळ्या साधनाकडे असतात आणि डेबसम्सला त्यांची खबर नसते. त्यांच्यासाठी यूसीएफक्यू ही कमांड आहे. ती चालवल्यावर एसएसएचडी_कॉन्फिग, सांबाची एसएमबी डॉट कॉन्फ, यंत्र सुरू करणाऱ्या ग्रबची फाइल आणि हिशेबाचा प्रोग्रॅम ज्या भाषेत आहे त्या पीएचपीची पीएचपी डॉट आयएनआय अशा फायली बदललेल्या निघाल्या.

त्यानंतर कॉन्फिग फायली राहतात त्या इटीसी फोल्डरमध्ये डीपीकेजी-डिस्ट, डीपीकेजी-ओल्ड, यूसीएफ-डिस्ट आणि यूसीएफ-ओल्ड अशा शेपटांच्या फायली शोधल्या. मागच्या अपग्रेडमध्ये कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिले गेले हे या उरलेल्या फायलींवरून वाचता येते. डिस्ट असे शेपूट असेल तर आपली जुनी फाइल ठेवली गेली आणि पॅकेजकर्त्याची नवी फाइल बाजूला पडली. ओल्ड असेल तर उलट, पॅकेजकर्त्याची फाइल बसली आणि आपली बाजूला गेली. रेड हॅट या दुसऱ्या लिनक्सच्या घराण्यातील यंत्रांवर हेच काम आरपीएमन्यू आणि आरपीएमसेव्ह ही शेपटे करतात.

येथे एसएसएचडी_कॉन्फिगची यूसीएफ-डिस्ट फाइल सापडली. चालू फाइलशी ती ओळीने ताडून पाहिली आणि गेले कित्येक महिने मला छळणाऱ्या एका कोड्याचा उलगडा झाला. पासवर्डने प्रवेश बंद करण्यासाठी मी एसएसएचडी_कॉन्फिग डॉट डी या फोल्डरात एक छोटी फाइल ठेवली होती, तरीही सर्व्हर पासवर्ड मागत होता. कारण असे की त्या फोल्डरातील फायली वाचायला सांगणारी इन्क्लूड ही ओळ डेबियन ११ च्या फाइलमध्ये पहिल्यांदा आली. मागच्या अपग्रेडमध्ये डेबियन १० ची जुनी फाइल तशीच ठेवली गेल्यामुळे ती ओळ आमच्या यंत्रावर कधी पोहोचलीच नाही. फोल्डर आहे, त्यात फाइल आहे, पण ती वाचायला कोणी सांगितलेलेच नाही. अशा वेळी फाइल उघडून पाहण्यापेक्षा एसएसएचडी ही कमांड मोठ्या टी पर्यायासह चालवावी, म्हणजे प्रत्यक्षात लागू असलेली मूल्ये छापून येतात. छोटा टी पर्याय केवळ व्याकरण तपासतो आणि तो या फाइलला बिनचूक ठरवत होता.

दुपारी दिवाणजींसोबत बसून प्रत्येक बदललेल्या ओळीसमोर तिचे कारण लिहिले. सांबाच्या फाइलमध्ये किमान प्रोटोकॉल एनटी१ ठेवणारी ओळ होती. सांबाने ४.११ या आवृत्तीपासून हा जुना प्रोटोकॉल मुळात बंद ठेवलेला आहे आणि सुरक्षेच्या दृष्टीने तो बंदच असावा, म्हणून ती ओळ काढून टाकण्याचा माझा विचार होता. दिवाणजी म्हणाले, “अहो, ती काढू नका. वजनकाट्याचा तो जुना संगणक अजून चालतोय, त्याची वजनं रोज त्याच फोल्डरात पडतात.” काट्याच्या संगणकावर विंडोज एक्सपी आहे. ती ओळ ठेवली, तिच्या वर कारण लिहिले, आणि काटा बदलेपर्यंतच ती राहील असे ठरवले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

इटीसीकीपर बसवले. हे साधन इटीसी फोल्डरचा संपूर्ण इतिहास गिट या बदल नोंदवणाऱ्या प्रणालीत ठेवते, आणि प्रत्येक पॅकेज बसण्यापूर्वी व बसल्यानंतर आपोआप नोंद करते. साध्या गिटमध्ये फायलींचे मालक आणि परवानग्या नीट टिकत नाहीत. इटीसीकीपर त्या वेगळ्या लिहून ठेवते, म्हणून नुसते गिट वापरण्यापेक्षा हे बरे. हा इतिहास कुठल्याही बाहेरच्या सर्व्हरवर पाठवू नये, कारण त्यात पासवर्डांच्या शॅडो फाइलसकट सगळे असते.

पूर्ण डिस्कची प्रत घेण्यासाठी ५०० जीबीची नवी एसएसडी घेतली, ३,४०० रुपये लागले. या कामात पैशांचा खर्च एवढाच आहे. प्रत रात्री पेढी बंद झाल्यावर घेतली आणि ती दुसऱ्या यंत्रावर आभासी संगणकात सुरू होते याची खात्री करून घेतली. त्या संगणकाचे नेटवर्क मुद्दाम तोडून ठेवले आहे, नाहीतर ही प्रत खऱ्या गोदामाशी बोलू लागेल आणि खऱ्या पावत्यांत खोट्या नोंदी पडतील.

९ नोव्हेंबर, रविवार

प्रतीवर ११ ते १२ अपग्रेड केले. पॅकेजेसची साठवण तेवढी बाहेरून आणून दिली. पॅकेजेस कुठून आणायची हे सांगणाऱ्या सोर्सेस लिस्टमध्ये बुल्सआयच्या (११ चे नाव) जागी बुकवर्म (१२ चे नाव) लिहिताना नॉन-फ्री-फर्मवेअर हा नवा विभागही जोडला. बाराव्या आवृत्तीपासून हार्डवेअरचे फर्मवेअर (उपकरण चालवणारे आतले सॉफ्टवेअर) त्या वेगळ्या विभागात गेले आहे, आणि तो जोडला नाही तर नेटवर्क कार्डाचे फर्मवेअर जुनेच पडून राहते.

डीपीकेजी प्रश्न केव्हा विचारतो हे नीट समजून घेतले की निम्मी भीती जाते. आपण फाइल बदललेली नसेल आणि पॅकेजकर्त्याने बदलली असेल, तर नवी फाइल गुपचूप बसते. आपण बदलली असेल आणि पॅकेजकर्त्याने बदललेली नसेल, तर आपली फाइल गुपचूप राहते. दोघांनीही बदलली असेल तेव्हाच तो थांबतो आणि विचारतो. वाय म्हणजे पॅकेजकर्त्याची फाइल, एन म्हणजे आपली, डी म्हणजे फरक दाखव, झेड म्हणजे शेल (कमांड लिहिण्याची खिडकी) उघडून पाहू दे. नुसते एंटर दाबले तर उत्तर एन धरले जाते. आपण एखादी फाइल मुद्दाम पुसून टाकली असेल तर तो निर्णयही डीपीकेजी पाळतो आणि ती परत आणत नाही.

सगळे प्रश्न टाळण्यासाठी फोर्स-कॉन्फओल्ड हा नेहमी जुनीच फाइल ठेवणारा पर्याय लावून अपग्रेड सोडून देण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. तिच्या मी विरोधात आहे. या यंत्रावर एसएसएचची इन्क्लूड ओळ हरवली ती जुनी फाइल डोळे मिटून ठेवल्यामुळेच. प्रश्न आला की आधी डी दाबून फरक वाचायचा, हे मी आणि माझ्या सहकाऱ्याने ठरवून घेतले आहे.

मारियाडीबीच्या फाइलसाठी प्रश्न आला तेव्हा प्रयोग म्हणून वाय उत्तर दिले. अपेक्षेप्रमाणे डेटाबेस कोणत्या पत्त्यावर जोडणी घेतो ते ठरवणारा बाइंड-अ‍ॅड्रेस १२७.०.०.१ वर गेला, आणि त्या बंद नेटवर्कमध्ये गोदामाच्या जागी जोडलेल्या लॅपटॉपवरून डेटाबेस दिसेनासा झाला. डेटाबेस उत्तम चालत होता, पण फक्त स्वतःशी. खऱ्या यंत्रावर सोमवारी सकाळी हे झाले असते तर कुपवाडला ट्रक दारात उभे राहिले असते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आजचा दोष सगळ्यांत बोलका आहे, म्हणून सविस्तर लिहितो. प्रतीवर हिशेबाचा प्रोग्रॅम उघडून दिवाणजींना नेहमीची कामे करून पाहायला सांगितले. त्यांनी एक जुना सौदा घेऊन पट्टी छापली आणि कागद माझ्यापुढे धरला. घड्याळात ११ वाजून २० मिनिटे झाली होती आणि पट्टीवर ०५:५० अशी वेळ होती. ते म्हणाले, “शेतकरी विचारेल ना, सौदा निघायच्या आधीच माझी पट्टी कशी झाली? त्याला काय सांगू?” अडतीच्या व्यवहारात हा प्रश्न वेळेचा राहत नाही, विश्वासाचा होतो.

साडेपाच तासांचा फरक म्हणजे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), हे लगेच लक्षात आले. सर्व्हरची स्वतःची वेळ पूर्वीपासून यूटीसीवर आहे आणि आशिया/कोलकाता हा वेळविभाग पीएचपी डॉट आयएनआय या फाइलमध्ये लिहिलेला होता. डेबियनमध्ये पीएचपीच्या कॉन्फिग फायली आवृत्तीच्या नावाच्या फोल्डरात असतात. अकराव्या आवृत्तीत ७.४ आणि बाराव्या आवृत्तीत ८.२ असे दोन वेगळे फोल्डर आहेत. त्यामुळे यूसीएफच्या दृष्टीने ८.२ ची फाइल ही कोरी, पहिल्यांदाच बसणारी फाइल ठरली. जुन्या फाइलशी तुलना करण्याचे कारणच नव्हते आणि म्हणून एकही प्रश्न आला नाही. आमचे बदल ७.४ च्या फोल्डरात जसेच्या तसे होते. फक्त तो फोल्डर आता कोणी वाचत नव्हते.

त्याच कारणाने मालाचे फोटोही चढेनासे झाले होते. पीएचपीची मूळ मर्यादा एका फाइलला २ एमबी आणि एकूण पाठवणीला ८ एमबी आहे. गोदामातून मोबाइलने काढलेला बेदाण्याच्या लॉटचा फोटो सहज ४ एमबीचा असतो. प्रोग्रॅम त्यावर कुठलीही स्पष्ट तक्रार करत नव्हता, फोटोची जागा केवळ रिकामी राहत होती.

आधी वाटले की ही मूल्ये अपाचेच्या साइट फाइलमध्ये लिहावीत, कारण ती फाइल पीएचपीच्या आवृत्तीशी बांधलेली नाही. पण रात्रीचे रोजमेळ अहवाल क्रॉन या ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या साधनामधून निघतात आणि क्रॉनमधले पीएचपी अपाचेची फाइल वाचत नाही. त्याचा सीएलआय नावाचा स्वतंत्र फोल्डर आहे. शेवटी पेढीचे सगळे बदल एका छोट्या फाइलमध्ये लिहिले, ती इटीसीमध्येच पण पीएचपीच्या फोल्डरबाहेर ठेवली, आणि अपाचे व सीएलआय या दोन्हींच्या कॉन्फ डॉट डी फोल्डरांत ९९ क्रमांकाच्या नावाने तिचे दुवे दिले. पीएचपी या फोल्डरातील फायली मुख्य फाइलनंतर वर्णक्रमाने वाचते, त्यामुळे शेवटची फाइल जिंकते. पुढच्या आवृत्तीत फक्त दुवे नव्याने द्यावे लागतील. यात अख्खी संध्याकाळ गेली, पण ती सत्कारणी लागली असे मला वाटते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

खऱ्या यंत्रावर, अजून डेबियन ११ असतानाच, आमचे बदल पॅकेजच्या फायलींतून बाहेर काढले. अपग्रेडच्या आधी हे केले तर बिघाड झाला तरी तो नेमका कशामुळे झाला हे कळते. अपग्रेडच्या दिवशी केले तर शंभर गोष्टी एकदम बदललेल्या असतात. पद्धत अशी ठेवली: पॅकेजची डेब फाइल वेगळ्या फोल्डरात उलगडायची, त्यातली मूळ कॉन्फिग फाइल जागेवर ठेवायची, आणि आमच्या ओळी शेजारच्या डॉट डी फोल्डरात पेढीच्या नावाच्या फाइलमध्ये लिहायच्या. मूळ फाइल अक्षरशः मूळ राहिली तर डीपीकेजीला विचारण्यासारखे काही उरत नाही.

यात एक सापळा आहे. मारियाडीबी आणि पीएचपी यांच्याकडे नंतर वाचलेले मूल्य आधीच्याला मागे टाकते, म्हणून आमची फाइल ९० किंवा ९९ क्रमांकाने शेवटी ठेवली. एसएसएचचा नियम नेमका उलटा आहे: तिथे पहिल्यांदा सापडलेले मूल्य कायम होते आणि नंतरचे दुर्लक्षिले जाते. इन्क्लूड ही ओळ मुख्य फाइलच्या वरच्या भागात असते ती याचसाठी. म्हणून एसएसएचची फाइल १० क्रमांकाने ठेवली. प्रशासकाचे हक्क कोणाला हे ठरवणाऱ्या सुडोअर्स डॉट डी फोल्डरात तर फाइलच्या नावात टिंब असले तर ती फाइल वाचलीच जात नाही. तिथे नाव टिंबाशिवायच ठेवावे लागते.

एसएसएच पुन्हा सुरू करण्यापूर्वी एक जोडणी उघडीच ठेवली आणि दुसऱ्या खिडकीतून नव्याने प्रवेश करून पाहिला. मोठ्या टीने तपासल्यावर पासवर्ड-प्रवेश अखेर बंद झालेला दिसला.

सांबाची फाइल मात्र फोडली नाही. तिच्यात शेअरचे विभाग आणि सर्वसाधारण विभाग इतके गुंतलेले आहेत की दोन फायली केल्याने वाचणाऱ्याचा गोंधळच वाढेल. तिचा निर्णय अपग्रेडच्या वेळी घ्यायचा.

१६ नोव्हेंबर, रविवार

खऱ्या यंत्राचे ११ ते १२ अपग्रेड झाले. सगळे काम टीमक्समध्ये केले, म्हणजे मधेच जोडणी तुटली तरी अपग्रेड चालू राहते. आधी नवी पॅकेजेस न बसवता साधे अपग्रेड आणि मग पूर्ण अपग्रेड असे दोन टप्पे घेतले. दुपारी यार्डातली वीज गेली, पण सर्व्हर आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर असल्याने काम थांबले नाही.

मारियाडीबी, अपाचे, एसएसएच यांपैकी कोणीही प्रश्न विचारला नाही. सांबाने विचारला. यूसीएफचा पडदा डीपीकेजीपेक्षा उदार असतो: तो दोन्ही फायली शेजारी-शेजारी दाखवतो आणि मूळ जुनी, मूळ नवी आणि आपली अशा तिन्हींचा मिलाफ करून देण्याची तयारीही दाखवतो. मिलाफ निवडला, पण निकालावर विसंबलो नाही. सांबाची टेस्टपार्म ही तपासणी-कमांड चालवून लागू मूल्ये पाहिली; एनटी१ ची ओळ आणि तिच्या वरचे कारण जागेवर होते. वजनकाट्याच्या संगणकावरून एक रिकाम्या पोत्याचे वजन पाठवून पाहिले, फाइल फोल्डरात आली.

अपाचेमध्ये पीएचपी ७.४ चे मॉड्यूल बंद करून ८.२ चे चालू करणे हाताने करावे लागले. दुवे आधीच तयार होते. पट्टी छापली, वेळ बरोबर आली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दिवस सुरळीत गेला, पण रात्रीचा बॅकअप झालेला नाही असे सकाळीच दिसले. पेढीत एक जुनी साठवण-पेटी आहे, ती रोज रात्री एसएसएचने सर्व्हरवर येऊन फायली ओढून नेते. प्रतीचे नेटवर्क तोडलेले असल्याने ही पेटी चाचणीत कधी आलीच नव्हती. सर्व्हरच्या लॉगमध्ये ओळ स्पष्ट होती: एसएसएच-आरएसए हा चावीचा प्रकार स्वीकारार्ह यादीत नाही.

या दोषाचे स्वरूप वेगळे आहे. आमच्या कॉन्फिग फाइलमधील एकही अक्षर बदललेले नव्हते. बदलला होता तो फाइलमध्ये न लिहिलेल्या गोष्टीचा अर्थ. ओपनएसएसएचने ८.८ या आवृत्तीपासून शा-१ या जुन्या, कमकुवत पद्धतीवर आधारलेल्या आरएसए सह्या मुळात बंद केल्या आहेत. डेबियन ११ मध्ये ८.४ होते, १२ मध्ये ९.२ आहे. पेटीमधला एसएसएच इतका जुना आहे की आरएसएसाठी त्याला शा-१ शिवाय दुसरी सही येतच नाही.

सर्व्हरच्या फाइलमध्ये एक ओळ लिहून ही जुनी सही पुन्हा चालू करता येते आणि पाच मिनिटांत काम भागते. ते केले नाही. शा-१ सगळ्यांसाठी उघडे करण्यापेक्षा पेटीच्या चावीचा प्रकार बदलणे योग्य होते. ईडी२५५१९ या प्रकारच्या चाव्या ओपनएसएसएच ६.५ पासून, म्हणजे २०१४ पासून, चालतात आणि पेटीतील आवृत्ती त्यानंतरची निघाली. पेटीवर नवी चावी बनवली, सर्व्हरवर नोंदवली, जुनी काढून टाकली. पेटीचे नियंत्रण-पान अतिशय संथ असल्यामुळे यात दुपार गेली. एका रात्रीचा बॅकअप बुडाला. इटीसीकीपर आणि डिस्कची प्रत हाताशी असल्यामुळे त्याची झळ बसली नाही.

यापुढे आवृत्ती-टिपणे वाचताना फक्त नव्या गोष्टी पाहायच्या नाहीत, तर मूळ मूल्ये कोणती बदलली हे शोधायचे, असे ठरवले. जे मूल्य आमच्यासाठी अत्यावश्यक आहे ते मूळ मूल्याशी जुळत असले तरी पेढीच्या फाइलमध्ये स्पष्ट लिहायचे.

३० नोव्हेंबर, रविवार

नव्याने डिस्कची प्रत घेतली आणि तिच्यावर १२ ते १३ अपग्रेड केले. टिपणे वाचतानाच एक ओळ खटकली होती: तेराव्या आवृत्तीपासून इटीसीमधील सिसक्टल डॉट कॉन्फ ही फाइल सिस्टिमडी (यंत्रावरील सेवा सुरू करणारी व्यवस्था) वाचत नाही. आमच्या त्या फाइलमध्ये एकच ओळ होती, आयपी फॉरवर्ड चालू करणारी. गोदामातील संगणक वायरगार्ड या खाजगी जोडणीच्या बोगद्यातून सर्व्हरवर येतात आणि सर्व्हर त्यांना पेढीच्या नेटवर्कवरील प्रिंटरपर्यंत पोहोचवतो, तो या ओळीमुळे. प्रतीवर अपग्रेडनंतर मूल्य तपासले तर खरोखरच शून्य आले.

हा दोष खऱ्या यंत्रावर आला असता तर शोधायला अवघड गेला असता. डेटाबेस सर्व्हरवरच असल्यामुळे गोदामाची आवक नोंद व्यवस्थित चालली असती आणि फक्त आवक पावती छापली गेली नसती. साहजिकच सगळ्यांनी प्रिंटरला दोष देऊन त्याचीच तपासणी केली असती. ओळ सिसक्टल डॉट डी फोल्डरात पेढीच्या फाइलमध्ये हलवली. असे हलवणे डेबियन १२ वरही चालते, म्हणून खऱ्या यंत्रावर ते आजच करून टाकले.

दुसरी गोष्ट तात्पुरत्या फायलींच्या टेम्प फोल्डरची. तेराव्या आवृत्तीत तो डिस्कवर न राहता मेमरीत राहतो आणि मूळ मर्यादेनुसार निम्म्यापर्यंत मेमरी घेऊ शकतो. रात्रीची डेटाबेस-प्रत आमची स्क्रिप्ट आधी टेम्पमध्ये काढत असे. सर्व्हरची मेमरी ८ जीबी आहे. मार्चअखेर ती प्रत आणि मारियाडीबी यांच्यात मेमरीसाठी ओढाताण झाली असती. स्क्रिप्टमधील जागा बदलून व्हार फोल्डरखालच्या बॅकअप्समध्ये नेली.

७ डिसेंबर, रविवार

खऱ्या यंत्राचे १२ ते १३ अपग्रेड झाले. पीएचपी ८.२ वरून ८.४ वर गेले, म्हणजे फोल्डर पुन्हा नवा. दोन दुवे दिले आणि ते काम संपले. कॉन्फिग फायलींवरून प्रश्न जवळपास आलेच नाहीत, आणि जे आले त्यांची उत्तरे कागदावर आधीच लिहिलेली होती. मुख्य यंत्रणा सुरू करण्याआधी अपाचेची कॉन्फिगटेस्ट, एसएसएचची छोट्या टीची तपासणी, सांबाचे टेस्टपार्म आणि सुडोची व्हिसुडो-सी अशा चारही तपासण्या केल्या. मग पट्टी छापणे, गोदामातून आवक पावती पेढीच्या प्रिंटरवर पाठवणे, फोटो चढवणे, काट्याचे वजन आणणे, आणि साठवण-पेटीचा बॅकअप हाताने चालवणे ही कामे करून पाहिली. या वेळी बाहेरची यंत्रेही तपासणीत घेतली होती. सगळी कामे झाली.

८ डिसेंबर, सोमवार

आवराआवर. काढून टाकलेल्या पण कॉन्फिग मागे ठेवलेल्या पॅकेजेसची यादी काढून ती पूर्णपणे हटवली, पीएचपी ७.४ आणि ८.२ चे फोल्डर त्यातच गेले. डिस्ट आणि ओल्ड शेपटांच्या उरलेल्या फायली एकेक करून ताडल्या आणि पुसल्या. बहुतेक यंत्रणा अशा शेपटांच्या फायली वाचत नाहीत, लॉगरोटेट तर त्या मुद्दाम वगळतो, त्यामुळे त्या राहिल्या तरी काही बिघडत नाही. पण पुढच्या वेळी नव्या आणि जुन्या शेपटांची सरमिसळ होते. ज्या कॉन्फिग फायली पॅकेजने सोडून दिल्या आहेत त्यांच्यापुढे डीपीकेजी-क्वेरी ऑब्सोलीट असे लिहून दाखवते. तशा तीन निघाल्या, तिन्ही पाहून काढल्या.

इटीसीकीपरमध्ये शेवटची नोंद करताना नुसते ‘अपग्रेड’ असे न लिहिता प्रत्येक पेढी-फाइल कशासाठी आहे ते लिहिले. पेढीच्या फायलींची छापील यादी दिवाणजींच्या कपाटात ठेवली आहे.

उरले आहे ते काट्याचे. मालकांनी नव्या हळदीच्या आवकेपूर्वी काट्याचा संगणक बदलण्याचे मान्य केले आहे. तो बदलला की सांबातील एनटी१ ची ओळ काढायची, टेस्टपार्म चालवायचे, आणि नव्या संगणकावरून एक वजन पाठवून पाहायचे.